वॉटर स्कूटर, जुनी, एक नग

सुजितने वॉटर स्कूटर घेतली सकाळी, आणि ती घ्यावी की नाही याची चर्चा घरात सुरू झाली त्याच दिवशी संध्याकाळी. क्रम जरा उलटा झाला हे त्यालाही कळत होतं. पण तो उलटा क्रम त्याच्या तोंडून अशा काही वेळेला बाहेर पडला की नंतर सुलटा करायची सोयच राहिली नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आधी वस्तूची ओळख करून द्यायला हवी. सुट्टीत केळव्याला वगैरे गेलेल्या माणसाने ती पाहिलेली असते. मोटारसायकलचा वरचा अर्धा भाग आणि होडीचा खालचा अर्धा भाग एकत्र सांधल्यासारखी ती दिसते. पुढे चालवणारा बसतो, मागे पैसे देणारा बसतो, समुद्रात एक गोल चक्कर होते, मागचा एकदा किंचाळतो आणि दोघे वाळूवर परत येतात. हा व्यवसाय शनिवार-रविवारी करावा असं सुजितच्या आणि धीरजच्या डोक्यात आलं. दोघे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कंपनीच्या डिस्पॅचमध्ये कामाला. धीरज माकुणसारचा, त्याची केळव्याच्या किनाऱ्यावर चार लोकांशी ओळख, परवानगीचं तो बघणार होता. नव्या यंत्राची किंमत दुकानदाराने फोनवर सांगितली तेव्हा दोघांनी अदबीने त्याचे आभार मानून फोन ठेवला होता. मग बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या भावेशकडे एक जुनी असल्याचं कळलं. भावेश मूळचा मच्छीमार. मध्ये दोन-तीन वर्षं पर्यटकांच्या नादी लागला होता आणि आता पुन्हा शहाण्यासारखा बोटीकडे वळला होता.

सुजित आणि धीरजने वस्तू पाहिली नाही असं मात्र कुणी म्हणू नये. धीरजने हँडल दोन्हीकडे फिरवून पाहिलं. सुजितने सीटवर थाप मारली. थाप मारल्याने नेमकं काय कळतं हे त्याला विचारू नये. जुनी वस्तू घेताना आपल्याकडे थाप मारायची असते, एवढंच. रंग लाल होता, तो दोघांनाही आवडला. चहा झाला, व्यवहार पुरा झाला, आणि केळव्याला जागा होईपर्यंत नग भावेशच्याच अंगणात ठेवायचा असं ठरलं. नाताळच्या सुट्ट्यांच्या आधी ती पाण्यात उतरली की झालं.

घरी येऊन ही आनंदाची बातमी द्यायची म्हणून सुजित जिना चढला, आणि बाल्कनीत अप्पा बसलेले त्याला दिसले.

सुजितचे वडील झुंबरअप्पा मूळचे आष्टीकडचे. पत्र्याची एक ट्रंक घेऊन बोईसरला आले आणि पाइपचे सांधे बनवणाऱ्या एका कंपनीत उभी नोकरी त्यांनी एकाच टेबलावर केली. ते टेबल म्हणजे इनवर्ड इन्स्पेक्शन. कंपनीच्या गेटातून जो माल आत येईल तो अप्पांनी तपासायचा, मोजपट्टी लावायची, नखाने खरवडायचा, प्रसंगी वास घ्यायचा आणि मग पास किंवा नापास असा शिक्का मारायचा. ‘ह्यांच्या सहीशिवाय गेटातनं खिळासुद्धा आत जात नाही,’ असं रत्नाबाई, म्हणजे सुजितची आई, गावाकडे सांगायच्या, आणि गावाकडे ते ऐकून घ्यायचे. गेल्या वर्षी अप्पा निवृत्त झाले. आता त्यांच्या देखत, त्यांच्याच घरात, नुसता माल येत होता आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं.

न विचारण्यालाही कारण होतं. निवृत्तीनंतर घरात पहिला मिक्सर आला तो अप्पांनी तपासला. झाकण हलतं म्हणून परत पाठवला. दुसऱ्याची वायर आखूड निघाली. तिसऱ्याच्या खोक्यावर एक पोचा होता. पोचा खोक्याला होता, मिक्सरला नव्हता, पण अप्पांचं म्हणणं, पोचा आत जातोच. चौथा मिक्सर पास झाला तेव्हा सामान पोचवणाऱ्या पोराने आपली गल्ली बदलून घेतली होती. त्यामुळे पुढे पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा सुजितच्या बायकोने, प्रियदर्शिनीने, अप्पा बँकेत गेलेले पाहून ते मागवलं. अप्पा परत आले तर यंत्र भिंतीवर चढून चालू झालेलं. त्यांनी चष्मा वर करून त्याला इकडून तिकडून पाहिलं, ‘बरंय’ म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले. त्या दिवसापासून भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी उत्तर एकच, ‘माझं काय, मी रिटायर माणूस.’

हे वाक्य सुजितला फार लागायचं. त्यामुळे त्या संध्याकाळी ‘अप्पा, वॉटर स्कूटर घेतली’ असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

“अप्पा, धीरजबरोबर एक जुनी वॉटर स्कूटर घ्यायची म्हणतोय. पण तुम्ही बघितल्याशिवाय घेणार नाही.”

अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. “जुनी?” त्यांनी विचारलं. “किती जुनी? कुणाची? कशासाठी विकतोय?” आणि खुर्चीतल्या खुर्चीत ते चार बोटं उंच झाले. रत्नाबाईंना हाक मारून त्यांनी चष्म्याचं घर मागवलं. सुजितला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं.

स्वयंपाकघरात प्रियदर्शिनीने त्याला गाठलं. खरं काय ते तिला ठाऊक होतं.

“तुम्ही काय करून बसलात कळतंय का?”

“एकदा बघतील, हो म्हणतील, संपलं.”

“अप्पा? हो म्हणतील?” ती म्हणाली. “लग्न होऊन मी या घरात आले, सगळ्यांची झाले, अप्पांनी मला अजून पास केलेलं नाही.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि अप्पांनी नापास केलं तर काय, याचा विचार सुजितने तेव्हा पहिल्यांदा केला. मग एक तर विकत घेतलेली वस्तू न घेतलेली करावी लागणार होती, जे आता शक्य नव्हतं. नाही तर अप्पांना सांगावं लागणार होतं की तुमच्या होकाराची गरज कधी नव्हतीच, तुम्हाला नुसतं खेळवलं. ते सुजितच्याने होणं नव्हतं. एवढा एक होकार मिळवायचा, आणि तोही अप्पांना पत्ता न लागू देता, हे आता त्याचं काम झालं.

त्याने गच्चीवर जाऊन भावेशला फोन लावला.

“भावेश, माझे वडील बघायला येतील. व्यवहार झालाय हे बोलायचं नाही.”

“सुजितभाऊ, मला खोटं बोलाया जमत नाय,” भावेश म्हणाला. “माजी बायको लगेच पकडते.”

“खोटं बोलूच नकोस. ते म्हणतील त्याला फक्त हो म्हण.”

“तेवडं जमंल.”

इथे सुजितची चूक झाली. ती किती मोठी होती हे त्याला रविवारी नवापूरला कळलं.

अप्पा तयारीने गेले होते. खिशात मोजपट्टी, भिंग, विजेरी, आणि खांद्यावर स्वच्छ धुतलेला टॉवेल. भावेशच्या अंगणात, दोन चाकांच्या ढकलगाडीवर, लाल वॉटर स्कूटर ठेवलेली होती. अप्पा आधी तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मग उकिडवे बसून त्यांनी खालच्या बाजूला बोटाच्या पेराने टकटक करायला सुरुवात केली. फायबरचा आवाज एका ठिकाणी बदलला तसे ते थांबले.

“इथं हे फुटलेलं होतं का? वरनं रंग मारलाय?”

“हो काका,” भावेश म्हणाला.

“इंजिन उघडलं होतं?”

“हो काका.”

“तेलात पाणी गेलं होतं?”

“हो काका.”

अप्पांनी वर पाहिलं. त्यांच्या उभ्या नोकरीत मालाची खोट विचारल्यावर एकाही मालवाल्याने ‘हो’ म्हटलेलं नव्हतं. “बुडाली होती का कधी?” त्यांनी जरा घाबरतच विचारलं.

“हो काका.”

मागे उभा राहून सुजित भावेशला डोळ्यांनी खुणा करत होता. भावेशला वाटलं आपण कमी पडतोय, म्हणून त्याने आणखी एकदा, कुणी न विचारता, ‘हो काका’ म्हटलं.

मग अप्पांनी टॉवेल काढला. हे आष्टीकडच्या बैलबाजाराचं शास्त्र आहे. भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांनी हात टॉवेलाखाली घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. वाईट वाटत नाही, भांडण होत नाही आणि बैल लाजत नाही. भावेशला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एक म्हातारा माणूस आपला हात टॉवेलाखाली धरून बोटं चेपतोय, एवढंच त्याला कळत होतं. अप्पांनी सुरुवात म्हणून, नुसती गंमत बघायला, लाज वाटावी इतकी कमी बोटं दाबली.

“हो काका,” भावेश म्हणाला.

परतीच्या रिक्षात अप्पा म्हणाले, “पहिल्या दाबाला हो म्हणाला. असा इकणारा माणूस मी जन्मात बघितला नाही. सुजित, नगात मोठी खोट आहे. आणि ती तो सांगतोय त्यातली नाही. ती त्यानं लपवलीय.”

बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. तळमजल्यावरचे पुंजाराम, जे कंपनीत बॉयलरवर कामाला होते, म्हणाले की यंत्राचा आवाज ऐकल्याशिवाय काही खरं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं की इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर मागे फिरवून देतात, त्यांच्या साडूला कूलर घेताना तसाच अनुभव आला होता. कूलरला मीटर कुठे असतो हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वस्तूच्या गुणदोषांशी देणंघेणं नव्हतं. ती बिल्डिंगमध्ये उभी करणार असाल तर दुचाकीच्या जागेत की चारचाकीच्या, एवढंच त्यांना हवं होतं. सोसायटीची एक छोटी बैठक झाली. चाकं नसल्यामुळे ती वाहन ठरत नाही, पाण्याशी संबंध असल्यामुळे तिची नोंद पाण्याची टाकी म्हणून करावी, असा निष्कर्ष निघाला. सुजितने तो मान खाली घालून ऐकला. आपल्या मालकीची वस्तू आपल्याच दारात टाकी म्हणून उभी राहणार, आणि ती आपल्या मालकीची आहे हे आपल्याला बोलताही येणार नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं.

पुढच्या रविवारी अप्पा पुंजारामांना घेऊन गेले. पुंजारामांनी इंजिन ऐकायचं म्हणून आधी सीटवर बैठक मारली. भावेशने नळी जोडून इंजिनाला पाणी दिलं, इंजिन चालू केलं. पुंजाराम डोळे मिटून ऐकत होते. गायनाच्या बैठकीत जसे जाणकार मान हलवतात तशी त्यांची मान हलत होती. अप्पा ढकलगाडीच्या चाकाखालचा दगड काढून खालचा भाग बघत होते. दगड कशासाठी ठेवलेला असतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण तपासणीच्या भरात माणूस दगडाचा विचार करत नाही.

अंगण खाडीकडे उतरतं होतं. ढकलगाडी आधी सावकाश, मग खुशीत निघाली. नळी सुटली, पुंजारामांनी डोळे उघडले, पण तोपर्यंत बोंबील वाळत घातलेला बांबूंचा मांडव समोर आला होता. पुंजाराम वाकले, मांडव वाकला नाही. अंगावर बोंबलांच्या माळा घेऊन ते पलीकडे गेले आणि खाडीच्या चिखलात, सीटवर ताठ बसलेले असे, थांबले.

“आवाज चांगला आहे,” ते तिथूनच म्हणाले.

भावेशची बायको हेतल घरातून बाहेर आली. तिने मांडवाकडे पाहिलं, बोंबलांकडे पाहिलं आणि मग सुजितकडे पाहिलं.

“सुजितभाऊ, आता बास,” ती म्हणाली. “एकदा घेतलीय ना, मंग न्या की तुमची तुमी. आमच्या अंगनात किती दिस...”

सुजितला इतक्या जोरात खोकला आला की भावेश पाणी आणायला धावला. अप्पा चिखलाजवळ होते आणि वारं उलट्या दिशेचं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं, निदान सुजितने तरी मनाची तशी समजूत करून घेतली. बोंबील धुऊन पुन्हा टांगेपर्यंत दुपार टळली. हेतलने राग विसरून सगळ्यांना चहा दिला, आणि पुंजारामांना दोन बादल्या पाणी.

खोट सापडत नव्हती, म्हणून अप्पांची खात्री वाढत चालली होती. आता ते कागदपत्रांकडे वळले. सुजितने रजा टाकली, कारण त्यांना एकटं सोडणं धोक्याचं होतं. आधी वाहननोंदणीच्या कार्यालयात खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, “चाकं किती?” नाहीत म्हटल्यावर त्यांनी हसून हात जोडले आणि बंदराचं काम बघणाऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला. तिथल्या बाई शांत होत्या, पण त्यांचे प्रश्न अवघड होते.

“खरेदी झालीय का?” त्यांनी सुजितला विचारलं.

सुजितने अप्पांकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला.

“मग खरेदी करून या. मग आम्ही तपासणी करू.”

“तपासणी झाल्यावर खरेदी करायचीय,” अप्पा म्हणाले.

“काका, खरेदी न झालेल्या वस्तूची आम्ही तपासणी कशी करणार?”

“आणि तपासणी न झालेल्या वस्तूची आम्ही खरेदी कशी करणार?”

दोघांचंही बरोबर होतं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, अप्पांनी तो घेतला, आणि दोन जुने जाणते कर्मचारी एकमेकांकडे आदराने बघत थोडा वेळ बसले. खरेदी झालेली आहे हे त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं आणि त्याला बोलता येत नव्हतं. त्यात धीरजचा फोन आला. नाताळ तोंडावर आलाय, किनाऱ्यावर जागा मिळालीय, आणि तुझे अप्पा नक्की काय शोधतायत, असं तो विचारत होता. सुजितने ‘खोट’ एवढंच उत्तर देऊन फोन ठेवला.

शेवटी अप्पांनीच मार्ग काढला. “पाण्यातला नग पाण्यातच बघायला पाहिजे,” ते म्हणाले. “मी स्वतः बसतो. मग काय ते सांगतो.”

अप्पा बोईसरला आल्यापासून समुद्र त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता, पण ते घोट्याच्या वर त्याच्यात कधी गेले नव्हते. आष्टीकडे टँकर येतो त्या पाण्याला ते पाणी म्हणायचे. याला ते नुसतं ‘ते’ म्हणायचे. पोहता त्यांना येत नव्हतं. सुजितलाही येत नव्हतं. पण अप्पांनी ठरवलं होतं, आणि रत्नाबाईंनी आज काय तो निकाल लागणार म्हणून ओवाळायचं ताट बरोबर घेतलं. नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायावर पाणी घालून कुंकू लावायचं, ही त्यांच्याकडची रीत. या जनावराला पाय नाहीत तर कुंकू कुठं लावायचं, यावर त्यांचा आणि सुनेचा रिक्षात वाद चालू होता.

भरती बघून भावेशने स्कूटर पाण्यात उतरवली. अप्पांनी नारिंगी जाकीट घातलं, कानाला वारा लागू नये म्हणून टॉवेल डोक्यावरून गुंडाळला आणि भावेशच्या मागे बसून त्याच्या पोटाला दोन्ही हातांनी मिठी मारली. सुजितला ते पाहवेना. स्कूटर निघाली, मोठी गोल फिरली, आणि सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं तोवर अप्पांचा टॉवेल सुटला. वाऱ्याने तो पाण्यावर नेऊन टाकला. अप्पांनी भावेशच्या पाठीवर थोपटून टॉवेल दाखवला, भावेशने ‘हो काका’ म्हणून स्कूटर तिकडे वळवली, आणि खालून पाणी ओढून घेणाऱ्या त्या यंत्राने पाण्याबरोबर टॉवेलही ओढून घेतला. घरघर झाली, खरखर झाली, आणि इंजिन बंद पडलं.

किनाऱ्यावरून फक्त दोन माणसं लाल सीटवर स्वस्थ बसलेली दिसत होती. ओहोटी लागत होती. ती दोघं हळूहळू, अगदी सावकाश, दूर चालली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे ती बोलत होती. भावेश हात हलवून काहीतरी सांगत होता आणि अप्पा मान खाली घालून ऐकत होते. अडकलेल्या माणसाला धीर द्यायचा म्हणजे भावेश काय बोलणार, हे सुजितला पुरतं कळत होतं. त्याला खोटं बोलायला जमत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर त्या वेळी सुजितच्या मनात तो विचार फार टिकला नाही. अप्पा लहान लहान होत चालले होते. त्याने हाका मारल्या, त्या वाऱ्याने परत आणून दिल्या. मग तो चालायला लागला. कंपनीची इस्त्रीची पँट, पायांत चपला, खिशात मोबाइल, सगळ्यासकट तो समुद्रात शिरला. प्रियदर्शिनी मागून ओरडत होती ते त्याला ऐकू येत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. एक लाट डोक्यावरून गेली आणि खारट पाणी नाकातोंडात शिरलं. तिथून पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो तिथेच हात वर करून उभा राहिला आणि ‘अप्पा’ असं ओरडत राहिला.

मासे घेऊन परतणाऱ्या एका बोटीने त्यांना दोर टाकला. येताना बोटीवाल्यांनी वाटेत छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या सुजितलाही, तो नाही म्हणत असताना, वर ओढून घेतलं. सगळे वाळूवर उतरले. रत्नाबाईंनी ताट तसंच खाली ठेवून आधी नवऱ्याचं डोकं आणि मग मुलाचं डोकं आपल्या पदराने पुसलं. भावेश सुजितकडे बघत नव्हता, तेव्हाच सुजितला उत्तर मिळालं.

अप्पांनी जाकीट काढून घडी घातली. मग ते सुजितजवळ वाळूवर येऊन बसले.

“त्यानं सांगितलं,” ते म्हणाले. “व्यवहार कधीच झालाय म्हणाला.”

सुजितने मान खाली घातली. “अप्पा, चुकलं माझं. मला तुम्हाला फसवायचं नव्हतं. ते ‘रिटायर माणूस’ ऐकवत नव्हतं मला.”

अप्पांनी सदऱ्याच्या ओल्या बाहीतलं पाणी पिळून काढलं. “कंपनीत काय वेगळं होतं?” ते म्हणाले. “पर्चेसवाले साहेब माल आधीच घेऊन मोकळे व्हायचे. मग माझ्याकडं सहीला पाठवायचे. मी नापास केला की साहेब वरच्यावर पास करून घ्यायचे. उभी नोकरी तशी गेली. तुझ्या आईला कधी सांगितलं नाही.”

सुजितने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. अप्पांचा आवाज नेहमीसारखाच होता.

“पण मी वाहत चाललोय म्हणून कुठला साहेब छातीभर पाण्यात आला नसता,” ते म्हणाले. “तुला तर पोहताही येत नाही. येडा आहेस काय?”

सुजितला रडू आलं, आणि ओल्या अंगाने, भर किनाऱ्यावर, बायकोसमोर तो रडला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग सवयीने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि हात काढून घेतला.

सुजितने डोळे पुसले. “अप्पा,” तो म्हणाला, “खरंच विचारतो. ठेवायची का ही? तुम्ही नाही म्हणालात तर मी परत देतो. भावेश घेईल, नाही घेतली तर मी बघतो काय करायचं ते. धीरजला मी सांगेन.”

अप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मुलगा मनापासून विचारतोय की नाही हे त्यांनी तपासलं, त्यांच्या पद्धतीने, वेळ घेऊन. आणि मग ते उठून स्कूटरकडे गेले. खाली वाकून त्यांनी यंत्राच्या तोंडातून टॉवेलची एक चिंधी ओढून काढली, सीट उचलली, इंजिनाला हात लावला.

“आपण येतो तेव्हा हे गरम असतं,” ते म्हणाले. “दर वेळी. आपण यायच्या आधी हा ते चालू करून ठेवतो. गार असताना चालू होतं का, ते अजून आपण बघितलेलंच नाही.”

सगळ्यांनी भावेशकडे पाहिलं.

“हो काका,” भावेश म्हणाला, आणि या वेळी तो लाजला.

“उद्या सकाळी येऊ,” अप्पा म्हणाले. “हात लावू नको म्हणावं त्याला. मग सांगतो.”

“उद्या मला फर्स्ट शिफ्ट आहे,” सुजित म्हणाला.

“मग परवा. तोवर नाही घ्यायची.”

रत्नाबाईंनी कुंकवाची कोयरी बंद करून पिशवीत टाकली. प्रियदर्शिनीने धीरजला फोन करून सांगितलं की अजून ठरलेलं नाही, अप्पा परवा सांगतील. पलीकडे धीरज काय म्हणाला ते तिने कुणाला सांगितलं नाही. सुजित चपला शोधायला पाण्याच्या कडेने चालत गेला. एक सापडली. दुसरी शोधताना त्याच्या लक्षात आलं की अप्पा परवा हो म्हणतील की नाही, याचा त्याला काहीच अंदाज नाही, आणि तो खरोखर वाट बघतोय.